अरबी किशोर, नैराश्य आणि एका शब्दाचा इतिहास

मानसिक आरोग्याची साक्षरता ही संकल्पना ऑस्ट्रेलियाच्या अँथनी जॉर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. पुढे २००४ मध्ये तेथीलच कॅथलीन ग्रिफिथ्स यांच्या गटाची नैराश्यविषयक २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. बरोबर, चूक किंवा माहीत नाही, एवढेच उत्तर. अचूक उत्तराला एक गुण. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी अशीच चाचणी केली. हा प्रवाह अरब देशांतही पोहोचला. जॉर्डनमध्ये २०१० नंतरच्या दशकात झालेल्या देशव्यापी शालेय पाहणीत नैराश्याची समज, त्याभोवतीचा कलंक आणि मदत मागण्याची तयारी या गोष्टी तपासल्या गेल्या.

भाषांतराची रीत सर्वांना ठाऊक आहे. एकाने अरबीत आणायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता इंग्रजीत परत न्यायचे, मग दोन्ही ताडून पाहायचे. माझ्या मते खरी अडचण येथेच निसटते. नैराश्याला आजचा वैद्यकीय शब्द 'इक्तिआब'. पण बोलताना पेपर अवघड गेलेला मुलगाही स्वतःला 'मुक्तइब' म्हणतो. शब्द अचूक परत येतो, मुलाच्या मनातला अर्थ येतोच असे नाही.

जुन्या अरबी वैद्यकात हा भेद अधिक स्पष्ट होता. ग्रीकांकडून आलेला 'मालीखुलिया' हा काळ्या पित्ताचा विकार मानला जाई. कैरवानचा हकीम इसहाक इब्न इम्रान याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि अकराव्या शतकात कॉन्स्टंटाईन आफ्रिकन याने तो लॅटिनमध्ये नेला. (काळे पित्त म्हणजे 'सौदा'. उर्दूत त्याचा अर्थ वेड असाही होतो. मराठी सौद्यात मात्र फक्त घासाघीस उरली आहे.) त्याहून महत्त्वाचा अबू झैद अल-बल्खी (८५०–९३४). शरीर व मन यांच्या आरोग्यावरील आपल्या ग्रंथात त्याने 'हुज्न' म्हणजे दुःखाचे दोन प्रकार केले: एकाचे कारण माणसाला ठाऊक असते, दुसऱ्याचे सापडत नाही. पहिल्यासाठी विचारांनी मन सावरण्याचे उपाय, दुसऱ्यासाठी प्रामुख्याने शरीराचे उपचार.

आता चाचणीतला एक प्रश्न घ्या: नैराश्य इच्छाशक्तीने आवरता येते का? अपेक्षित उत्तर 'नाही'. घरी सब्र शिकलेला मुलगा 'होय' लिहितो आणि गुण गमावतो. बल्खीने मात्र आधी विचारले असते, कोणते दुःख? मुलाच्या डोळ्यांसमोर पहिल्या प्रकारचे दुःख असेल तर त्याचे उत्तर अज्ञान म्हणता येणार नाही. दुसऱ्या प्रकारचे असेल तर तेच उत्तर घातक आहे, कारण असा मुलगा डॉक्टरकडे जाणार नाही, स्वतःलाच दुबळा ठरवील. गुणपत्रिकेत दोघांनाही शून्यच मिळते.

म्हणून अशा पाहणीत गुण मोजण्यापूर्वी काही मुलांना 'इक्तिआब' म्हणजे काय ते त्यांच्या घरच्या बोलीत सांगायला लावावे आणि ते उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे.