चिखलातील बुडबुडे आणि मोजमापाचा धडा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांचा एक आग्रह होता : ऐकीव आकडा वहीत उतरवू नये, स्वतः मोजावे. म्हणून आज मी एका मोजमापाचाच इतिहास सांगणार आहे. विषय वरवर क्षुद्र वाटेल. आपल्या गोव्यातील भातशेतात पाय रोवला की चिखलातून जे बुडबुडे वर येतात, त्यांचा हा इतिहास आहे.

1776 सालच्या नोव्हेंबरात इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि हा वायू पेट घेतो, हे दाखविले. तो मिथेन. चिखलात प्राणवायू उरला नाही की काही सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पाल्यापासून अखेरीस हा वायू घडवितात. हे जीव नेहमीच्या जिवाणूंहून मुळातच निराळ्या कुळातले आहेत, हे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये दाखवून दिले. उलटपक्षी, मिथेनवरच उपजीविका करणारा जिवाणू हॉलंडमधील सोंगेन यांनी 1906 मध्येच वेगळा केला होता. एक घडविणारा, दुसरा खाणारा. अरण्यातील निचऱ्याच्या मातीत खाणाऱ्याची सरशी असते आणि ती माती हवेतील मिथेन शोषते. पाणथळ भूमीत घडविणाऱ्याची सरशी होते. उष्ण कटिबंधातील पाणथळी या मिथेनचा फार मोठा नैसर्गिक स्रोत आहेत, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ताप धरून ठेवतो.

या दोन जीवांची गाठ भारतीय भातखाचरात कशी पडते, याचा शोध आपल्याच देशात लागला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मद्रास इलाख्यात कोइमतूर येथे डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि त्यांचे सहकारी पी. ए. सुब्रह्मण्य अय्यर यांनी भातखाचरातील वायूंचा अभ्यास करून 1913 पासून निबंध प्रसिद्ध केले. चिखलातील वायूंत मिथेन मुबलक असतो. पण मातीच्या पृष्ठभागावर जिवाणू आणि शेवाळ यांचा जो पातळ थर असतो, त्यात तो वायू वापरला जातो आणि शेवाळाने सोडलेला प्राणवायू पिकाच्या मुळांच्या उपयोगी पडतो, असे त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की, खाली जितके घडते तितके सारे वर येत नाही. किती निसटते, हे त्या त्या मातीवर, पाण्यावर, खतावर आणि पिकावर ठरते. एका शेताचा आकडा दुसऱ्या शेताला लावता येत नाही.

तरीही नेमके तेच घडले. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीतून दरसाल सुमारे 3 कोटी 78 लाख टन मिथेन बाहेर पडतो, असा अंदाज मांडला. त्याला आधार मुख्यतः परदेशांतील मोजमापांचा होता. जागतिक हवामान कराराची बोलणी त्याच सुमारास सुरू होत होती. जगाच्या तापाचा दोष गुडघाभर चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी येण्याची ही चिन्हे होती. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये हा प्रश्न न्यायाचा म्हणून मांडला : पोटासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलावे काय?

परंतु केवळ रोषाने आकडा खोडता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. अ. प्र. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये निरनिराळ्या प्रांतांतील भातशेतांवर पेट्या ठेवून वायू गोळा करण्यात आला. निष्कर्ष निघाला सुमारे 40 लाख टनांचा, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जेमतेम नवव्या हिश्शाचा. आपल्याकडील बरीच भातशेती पावसावर अवलंबून असते, तिच्यात सतत पाणी तुंबत नाही. हे त्यामागचे एक मोठे कारण.

यात विजयाचा दिमाख मला दिसत नाही. 40 लाख टन म्हणजे शून्य नव्हे. मधून मधून पाणी काढून शेत सुकविल्यास मिथेन घटतो, मात्र नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. तेव्हा तेथेही मोजूनच पाऊल टाकावे लागते. आणि जो नियम परक्यांना, तोच आपल्याला. कोइमतूरचा आकडा आपल्या खाजनाला लावू नये. मानशीतून भरतीचे पाणी आत येते, त्यातील सल्फेटामुळे दुसऱ्या जातीचे जिवाणू बळावतात आणि मिथेन घडविणारे मागे पडतात. बांध फुटला, मानस बिघडली किंवा शेत पडीक राहिले, तर हा तोल बदलतो.

या शाळेतील मुलांनी शेताच्या मेरेवर उभे राहून तो तोल स्वतः पाहावा, मोजावा आणि वहीत नोंदवावा. गुरुवर्यांना याहून निराळी श्रद्धांजली रुचली नसती, असे मला वाटते.