सागरी करार आणि मुंबईचा उतारू

समुद्रावर कोणा एका राष्ट्राची सत्ता चालत नाहीं; म्हणून जहाजांच्या सुरक्षिततेचे नियम अनेक राष्ट्रांना एकत्र बसूनच करावे लागतात. परंतु असे नियम कागदावर उतरणें आणि ते एखाद्या बंदराच्या धक्क्यावर अंमलांत येणें, यांत केवढें अंतर असतें हें मुंबईनें एका दुर्दैवी दिवशीं फार मोठी किंमत देऊन अनुभविलें आहे.

एप्रिल १९१२ मध्यें ‘टायटॅनिक’ ही प्रचंड आगबोट अटलांटिक महासागरांत बुडाली व सुमारें पंधराशें माणसें प्राणांस मुकलीं. त्या आघातानें जागृत झालेल्या राष्ट्रांनीं जानेवारी १९१४ मध्यें लंडन येथें पहिला करार केला. पण त्याच वर्षीं महायुद्ध पेटल्यामुळें तो अंमलांत येऊं शकला नाहीं. पुढें ३१ मे १९२९ रोजीं अठरा राष्ट्रांनीं दुसरा करार केला. त्यांत हिंदुस्थानचेंही नांव होतें. जहाजानें किती भार घ्यावा हें ठरविणारा भाररेषेचा करार ५ जुलै १९३० रोजीं झाला.

करारावर सही झाली म्हणजे तो देशांत आपोआप लागू होतो असें नाहीं. त्यासाठीं कायदा हवा. आपल्याकडे व्यापारी जहाजांविषयींचा कायदा १९२३ सालीं झाला होता; त्यांत १९३३ सालीं दुरुस्ती करून वरील दोन्ही करार देशी कायद्यांत आणले गेले. कायद्याखालीं नियम होतात. नियमांप्रमाणें तपासणी अधिकारी होड्या, बंब, सांगाडा व यंत्रें पाहतो. तो समाधान पावला तरच प्रमाणपत्र मिळतें. लंडनच्या परिषदेंत लिहिलेलें वाक्य अशा रीतीनें शेवटीं एका अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर आणि सचोटीवर येऊन ठेपतें.

या प्रवासांत करार थोडाफार बदलतोही. हजच्या यात्रेकरूंना उघड्या डेकवर दाटीवाटीनें नेणाऱ्या आगबोटींना मूळ कलमें जशींच्या तशीं लावणें अवघड, म्हणून त्यांच्यासाठीं १९३१ सालीं सिमल्यास निराळे नियम ठरले. गरीब उतारूसाठीं सुरक्षिततेचें माप निराळें असावें काय, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

पण खरें मर्म करारांतील एका व्याख्येंत होतें. करार बांधील होता तो ‘आंतरराष्ट्रीय सफरी’स, म्हणजे एका देशांतून दुसऱ्या देशाच्या बंदरास जाणाऱ्या जहाजांस. मुंबईहून लंडनला जाणारा उतारू त्याच्या छायेंत येई. मुंबईहून रेवसला जाणारा येत नसे. बारांहून अधिक उतारू नेणाऱ्या किनाऱ्यावरील आगबोटींस देशी कायद्यान्वयें तपासणी होती, हें खरें. परंतु कराराचा आग्रह तेथें नव्हता. धोका मात्र तेथेंही होताच. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन आगबोटी बुडाल्या होत्या.

१७ जुलै १९४७ रोजीं, आषाढ अमावास्येच्या दिवशीं सकाळीं, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. १९३६ सालीं बांधलेल्या या बोटीवर गिरगांव, परळ, लालबाग भागांतून आपल्या गांवीं निघालेले चाकरमानी मोठ्या संख्येनें होते. वाट जेमतेम दीड तासाची. काशाच्या खडकाजवळ लाटांचें पाणी आंत शिरलें, भयभीत उतारू दुसऱ्या बाजूस धांवले आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतें. त्यामुळें शहरास खबर लागण्यास कित्येक तास गेले. जे वांचले त्यांतील बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून किनाऱ्यास आणलें. गिरगांवांतील आणि परळच्या चाळींतील कित्येक घरांत त्या संध्याकाळीं दिवा लागला नसेल.

त्यानंतर अकरा महिन्यांनीं, १० जून १९४८ रोजीं, लंडनला तिसरा करार झाला. सप्टेंबर १९४९ मध्यें मुंबईंत जहाज महासंचालनालय स्थापन झालें; १९५० च्या राज्यघटनेच्या २५३ व्या कलमानें आंतरराष्ट्रीय करारांसाठीं कायदे करण्याचा अधिकार संसदेस दिला; आणि १९५८ सालीं स्वतंत्र भारताचा व्यापारी नौवहन कायदा आला. १९७४ च्या कराराच्या दुरुस्त्या तर, ठराविक मुदतींत पुरेशा राष्ट्रांनीं हरकत न घेतल्यास, आपोआप स्वीकृत होतात. देशी नियमांना त्यांच्या मागें सतत धांवावें लागतें. २०२५ सालीं संसदेनें नवा कायदा संमत केला, त्यामागें हीच धांव आहे.

तरीही जुनी भेग पुरती बुजलेली नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली व पंधरा जीव गेले. जीवरक्षक जाकिटें नौकेवर असणें निराळें आणि तीं उतारूंच्या अंगांत असणें निराळें, हा भेद त्या दिवशीं पुन्हां डोळ्यांसमोर आला.

राष्ट्रानें किती करारांवर सह्या केल्या यावरून त्याची सागरी प्रगति मोजण्याची रीत आहे. पण समुद्र सफर परदेशची कीं गांवची हें विचारीत नाहीं. लंडनला जाणाऱ्या उतारूच्या प्राणांस जें मोल, तेंच रेवसला जाणाऱ्या चाकरमान्याच्या प्राणांस जेव्हां कायदा आणि धक्क्यावरचा अधिकारी दोघेही देतील, तेव्हांच तो करार आपल्या देशांत खऱ्या अर्थानें आला असें म्हणतां येईल.