दहा वर्षांच्या पोराला समुद्राच्या तळाशी न्यायचं? बोनेर बेटावर कुटुंबं नेमकं हेच करायला जातात

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक वेस्ट इंडिजचं क्रिकेट आणि दुसरी जॅक स्पॅरो. पण याच समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर एक बेट आहे, जिथे क्रिकेटही नाही आणि मोठमोठे वाळूचे बीचही फारसे नाहीत. तरीही अमेरिका आणि युरोपातली माणसं बायको-पोरांसकट दरवर्षी तिथे येतात, आठवडाभर राहतात आणि दिवसातले दोन-तीन तास पाण्याखाली घालवतात.

बेटाचं नाव बोनेर. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, ‘डायव्हर्स पॅरडाइज’. म्हणजे पाणबुड्यांचा स्वर्ग.

आता तुम्ही म्हणाल, स्कूबा डायव्हिंग तर मालवणातही होतं, मग बोनेरमध्ये असं काय विशेष? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, लहान पोरांना पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरवणं हे शहाणपणाचं आहे का?

आधी बेट समजून घेऊ.

बोनेर जेमतेम २८८ चौरस किलोमीटरचं. १० ऑक्टोबर २०१० पासून ते थेट नेदरलँड्सचा भाग आहे, तिथल्या एखाद्या नगरपालिकेसारखा. पण गंमत अशी, की चलन युरो नाही तर अमेरिकन डॉलर. सरकारी भाषा डच, घरात बोलायची भाषा पापियामेंतू. बेटाच्या दक्षिण टोकाला मिठागरं आहेत, त्यात फ्लेमिंगो उभे असतात, आणि त्याच रस्त्यावर गुलामांसाठी बांधलेल्या दगडी खोपट्या आहेत. त्या इतक्या बुटक्या की मोठा माणूस आत ताठ उभा राहू शकत नाही. डच वसाहतींमध्ये १८६३ साली गुलामगिरी संपली. पोरांना घेऊन गेलात तर समुद्राइतकीच ती खोपटीही दाखवण्यासारखी आहे.

आता समुद्राकडे येऊ. बहुतेक ठिकाणी प्रवाळ बघायचं तर बोटीने तासभर आत जावं लागतं. लाटा, उलट्या, बोटवाल्याची वेळ, सगळं आलंच. बोनेरच्या पश्चिम किनाऱ्यावर तसं नाही. वारा पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिमेची बाजू बेटाच्या आडोशाला राहते आणि पाणी शांत असतं. भरती-ओहोटीचा फरकही किरकोळ. किनाऱ्यापासून थोडं पोहलं, की खाली प्रवाळाचा उतार सुरू होतो. बेट नेहमीच्या चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे वादळांचा त्रासही इतर कॅरिबियन बेटांच्या मानाने कमी.

त्यामुळे इथली पद्धत वेगळी आहे. भाड्याने पिकअप गाडी घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघायचं. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. आवडली जागा की गाडी थांबवायची, सामान चढवायचं आणि पाण्यात चालत जायचं. एका जागेचं नाव आहे ‘थाउजंड स्टेप्स’, हजार पायऱ्या. प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरच्या आत आहेत, पण सिलिंडर पाठीवर घेऊन वर चढताना त्या हजार वाटतात, असं तिथले लोक सांगतात. गाडीत मात्र मौल्यवान काही ठेवायचं नाही. तुम्ही पाण्याखाली तासभर आहात हे चोरालाही माहीत असतं, म्हणून बरेच लोक काचा उघड्या ठेवूनच जातात. निदान काच तरी फुटत नाही.

डाइव्ह रिसॉर्ट म्हणजे याच पद्धतीभोवती बांधलेलं हॉटेल. खोलीपासून चार पावलांवर लाकडी धक्का, धक्क्यावर भरलेले सिलिंडर, सामान धुवायच्या टाक्या आणि खाली रिसॉर्टचं स्वतःचं प्रवाळ, ज्याला ‘हाउस रीफ’ म्हणतात. कुटुंबासाठी याचा खरा फायदा असा, की सगळ्यांनी एकत्र बोटीवर अडकून पडायची गरज नाही. आई डाइव्ह करून येते, तोवर बाबा धाकट्यासोबत स्नॉर्केल लावून वरून मासे बघतात. मग पाळी बदलते. आजी धक्क्यावर पाय सोडून बसली तरी तिला खाली निळे-हिरवे पोपट मासे दिसतात.

हा स्वर्ग आपोआप टिकला नाही

१९६२ साली डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकन दर्यावर्दी शिडाचं जहाज घेऊन इथे आला आणि इथलाच झाला. ‘कॅप्टन डॉन’ म्हणून तो ओळखला गेला. बेटावर डायव्हिंगचा व्यवसाय उभा करण्यात त्याचा मोठा वाटा. पण त्याच्या लवकरच लक्षात आलं, की मासे आणि प्रवाळ संपले तर धंदाही संपणार. बेटाने १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी घातली, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर, आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, राष्ट्रीय सागरी उद्यान झाला. तेव्हापासून डाइव्हच्या जागी बोटीने नांगर टाकायचा नाही, कायमच्या बोयाला दोरी बांधायची. प्रवाळाला हात लावायचा नाही. हातमोजेही घालायचे नाहीत, कारण मोजे असले की माणूस बिनधास्त कशालाही धरतो. पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्याला उद्यानाचं शुल्क भरावं लागतं आणि पहिल्या डाइव्हआधी नियम समजावून घ्यावे लागतात. २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवरही बंदी आहे. त्यामुळे घरून ट्यूब नेताना मागचं बारीक अक्षर वाचा.

आता मुद्दा पोरांचा

सगळ्यात आधी एक गैरसमज. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ‘ऑक्सिजन’ नसतो. आपण श्वास घेतो तीच साधी हवा त्यात दाबून भरलेली असते. धोका असतो तो दाबाचा. १० मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो. तिथे फुफ्फुसभर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट फुगायला बघते आणि फुफ्फुस फाटू शकतं. त्यासाठी खोल जायचीही गरज नाही, स्विमिंग पूलच्या खोलीवरसुद्धा हे होऊ शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. आणि घाबरलेलं पोर पहिल्यांदा काय करतं? श्वास रोखतं आणि वर पळतं.

याच कारणासाठी वयाचे टप्पे आहेत. पाडी ही डायव्हिंगची सर्वात मोठी प्रशिक्षण संस्था. तिच्या नियमांनुसार ८ वर्षांच्या मुलाला फक्त २ मीटरपर्यंत, प्रशिक्षकासोबत चव घेता येते. खरा कोर्स, म्हणजे ज्युनिअर ओपन वॉटर, १० व्या वर्षापासून. १० आणि ११ वर्षांची मुलं कमाल १२ मीटर, तीही आई-वडील, पालक किंवा व्यावसायिक प्रशिक्षकासोबत. १२ ते १४ वयात १८ मीटरपर्यंत, सोबत प्रमाणपत्र असलेला प्रौढ हवाच. १५ पूर्ण झाले की मोठ्यांचं प्रमाणपत्र.

हे आकडे पाठ करून पोराला पाण्यात ढकलायचं नाही. वय ही किमान अट आहे. दहा वर्षांचं एक मूल शांतपणे सूचना ऐकतं आणि बारा वर्षांचं दुसरं मास्कमध्ये थोडं पाणी गेलं की रडतं. ज्याला स्वतःहून जायचं नाही, त्याला ‘एवढा खर्च केलाय’ म्हणून नेणं ही सर्वात वाईट चूक. आणि बोनेरमध्ये ती चूक करायचं कारणच नाही, कारण स्नॉर्केल लावूनही प्रवाळ दिसतंच.

कानांचंही असंच. खाली जाताना दर मीटरभराला नाक दाबून हलकी हवा ढकलून कान मोकळे करावे लागतात. लहान मुलांची घशातून कानाकडे जाणारी नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे त्यांना हे अवघड जातं. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दीचं औषध घेऊनही नाही, कारण पाण्याखालीच त्याचा असर उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. मुलांना थंडीही लवकर वाजते. बोनेरचं पाणी २६ ते २९ अंश असतं, आपल्याला कोमट वाटतं, पण ४० मिनिटांनी पोराचे ओठ निळे पडू शकतात. त्यामुळे पोराच्या मापाचा वेटसूट आधीच विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पाण्याखाली प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, अडचण आली तर एकमेकांना वाचवायला. पण बाबांना खाली काही झालं, तर दहा वर्षांची मुलगी ८० किलोच्या माणसाला वर आणू शकेल का? नाही. म्हणून एका पोरामागे दोन मोठी माणसं हा हिशोब बरा. एक मोठा आणि दोन पोरं हा हिशोब चुकलेलाच. आई-बाबा दोघेही नवखे असतील तर गाइडचे पैसे वाचवू नका.

मोठ्यांचा मोह वेगळा असतो. बोनेरमध्ये ‘हिल्मा हूकर’ नावाचं बुडालेलं जहाज आहे. १९८४ मध्ये इंजिन बिघडलं म्हणून ते बंदरात ओढून आणलं, झडती घेतली तर आत सुमारे ११ टन गांजा सापडला. मालक काही पुढे आला नाही आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी जहाज बुडालं. ७२ मीटर लांबीचं ते धूड आज साधारण ३० मीटरवर आडवं पडलंय. गोष्ट भारी आहे, पोरं हट्ट करणारच. पण ती जागा ज्युनिअरसाठी नाही. मोठ्यांमध्येही साधं ओपन वॉटर प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचंच असतं. पोरांसाठी ‘सॉल्ट पिअर’ बघा. मिठाची जहाजं भरायचा धक्का, त्याच्या खांबांवर रंगीत स्पंज आणि मधून माशांचे थवे. जहाज लागलेलं असेल तर मात्र तिथे उतरायचं नाही.

रात्रीची एक गंमतही धक्क्यावरून बघता येते. पौर्णिमेनंतरच्या काही दिवसांत, सूर्य मावळल्यावर साधारण पाऊण तासाने, अगदी बारीक जीव पाण्यात निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडतात. नर मादीला बोलावतो तो असा. टॉर्च बंद ठेवायचा, बस्स.

घरून निघण्याआधी

कोर्सआधी आरोग्याचा एक फॉर्म भरावा लागतो. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट, हृदयाचा त्रास अशा प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. ही सही गावातून घेऊन जा. लोक तिथे पोचल्यावर फॉर्म बघतात आणि सुट्टीचा पहिला दिवस दवाखाना शोधण्यात जातो. फॉर्ममध्ये खोटं लिहून तर अजिबात चालायचं नाही, दम्याच्या पोराला तर नाहीच.

दुसरं म्हणजे, शिकायला बोनेरपर्यंत थांबायची गरज नाही. थिअरी आणि पूलचा भाग भारतात करून समुद्रातल्या चार डाइव्ह तिकडे करता येतात. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. एक लक्षात ठेवा, मालवणात किंवा गोव्यात अर्ध्या तासात फोटो काढून देतात तो फक्त अनुभव असतो. ते प्रमाणपत्र नव्हे. त्याच्या जोरावर बोनेरमध्ये कोणी सिलिंडर हातात देणार नाही.

भारतातून जायचा सरळ मार्ग अ‍ॅमस्टरडॅमवरून. पण बोनेर शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे व्हिसाचे नियम वेगळे तपासावे लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून पहिला दिवस झोपेसाठी सोडा. झोप न झालेलं पोर पाण्यात नेऊ नये.

परतीचा दिवसही मोकळा हवा. डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन मुरतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही. म्हणून रोज डाइव्ह केल्यावर शेवटची डाइव्ह आणि विमान यात किमान १८ तास ठेवायचे, पूर्ण दिवस ठेवला तर उत्तम. बेटावरच्या हॉस्पिटलमध्ये यासाठी दाबाची खोली आहे, पण तिची गरज पडू नये हे बघायचं. शेवटच्या दिवशी फ्लेमिंगो आणि ती दगडी खोपटी.

जायचं असेल तर अजून एक गोष्ट माहीत हवी. मार्च २०२३ मध्ये बोनेरच्या प्रवाळावर एक रोग आढळला. फ्लोरिडात २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसलेला हा रोग शेकडो वर्षं जुन्या प्रवाळाचं मांस काही आठवड्यांत गाळून पाडतो, मागे पांढरा सांगाडा उरतो. पाणबुडे रोगट प्रवाळावर अँटिबायोटिकचा लेप लावतायत. त्यानंतर समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं ते वेगळंच. म्हणून आता डाइव्ह झाली की जॅकेट, मास्क, पंख सगळं निर्जंतुक करायच्या टाकीत बुडवायला सांगतात. हे काम पोरांकडे द्या, ती आवडीने करतात.