‘पूर्ण’ या शब्दाचा प्रश्न : एका संगणकीय प्रमाणग्रंथाची भाषा

समांतर गणनाच्या इतिहासात यंत्रांच्या वेगाची नोंद आवर्जून होते. ती यंत्रे वापरणाऱ्यांसाठी रचलेल्या गद्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. एम्.पी.आय्. या संदेशवहन-पद्धतीचा इतिहास पाहता ही उपेक्षा योग्य ठरत नाही.

१९९० च्या सुमारास निरनिराळ्या यंत्रनिर्मात्यांच्या संदेशवहनाच्या परिभाषा निरनिराळ्या असल्यामुळे एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्यासाठी बदलून लिहावी लागे. एप्रिल १९९२ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील कार्यशाळेत समान प्रमाणकाची चर्चा झाली. त्याच वर्षी डोंगारा, हेम्पेल, हे व वॉकर यांनी प्राथमिक मसुदा मांडला. पुढे सुमारे ४० संस्थांतील ६० जणांच्या विचारविनिमयातून १९९४ मध्ये पहिली आवृत्ती सिद्ध झाली. आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रॉप, लस्क प्रभृतींनी त्याच काळात एम्.पी.आय्.सी.एच्. ही मुक्तस्रोत लायब्ररी घडविली. तथापि प्रामाण्य राहिले ते ग्रंथाकडेच.

या ग्रंथाची रचना आपल्याकडील सूत्र-भाष्य परंपरेची आठवण करून देते. बंधनकारक विधाने एकीकडे. त्यांमागील कारणमीमांसा, वापरणाऱ्यांस सल्ला आणि लायब्ररी रचणाऱ्यांस सल्ला ही निराळी दाखविलेली. भाष्य सूत्राचा अर्थ उलगडते, पण त्यात भर घालीत नाही.

खरी कसोटी लागते ती ‘पूर्ण’ या शब्दापाशी. ‘सेंड’ ही साधी क्रिया पूर्ण झाली याचा अर्थ संदेश पलीकडे पोचला असा नव्हे. पाठविणाऱ्याने संदेशाची स्मृतिजागा पुन्हा वापरावयास हरकत नाही, एवढाच. पत्र पेटीत टाकणे आणि ते हाती पडणे यांत जो भेद, तोच येथे. दोन प्रक्रिया परस्परांस आधी संदेश पाठवून मग स्वीकारू लागल्या, तर लायब्ररीने संदेश मध्ये साठविल्यास काम निभावते. न साठविल्यास दोघीही खोळंबून राहतात. साठवण करावी अथवा न करावी, ही मुभा लायब्ररीला आहे. म्हणून अशी आज्ञावली ग्रंथ असुरक्षित ठरवितो. लहान संदेशांवर वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली मोठ्या संदेशांवर अडते, तेव्हा दोष यंत्राचा नसून वाचनाचा असतो.

२०२१ च्या चौथ्या आवृत्तीत या संज्ञांची नव्याने मांडणी होऊन प्रत्येक क्रियेच्या सिद्धता, प्रारंभ, पूर्ती व मोचन अशा चार अवस्था सांगितल्या गेल्या. २७ वर्षांच्या वापरानंतरही मूळ संज्ञांची व्याख्या करावी लागली, यावरून दिसते की असे दस्तऐवज यंत्राचे परिशिष्ट नव्हेत. अनेक लायब्ररींना एकत्र बांधणारा करार तोच असतो, आणि त्याच्या अर्थनिर्णयाचे काम भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येते.