जळालेल्या गाडीतला मृतदेह कोणाचा? गावाचा अंदाज आणि तपासाचं उत्तर

रस्त्याकडेला गाडी जळालेली दिसते, आत कोळसा झालेला मृतदेह असतो. पंचनामा व्हायच्या आत फोटो चार तालुक्यांत फिरतात. नंबर प्लेटवरून मालकाचं नाव निघतं आणि लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली'ही पडते. कोणी घातपात म्हणतं, कोणी आत्महत्या, कोणी विम्याचा डाव. तपासाला मात्र आधी दोनच प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. मेलेला माणूस नक्की कोण? आणि आग लागली तेव्हा तो जिवंत होता का?

हे प्रश्न किती महत्त्वाचे आहेत, ते केरळातल्या चाको खून खटल्यावरून कळतं.

मालक समजले, निघाला दुसराच

जानेवारी १९८४. अलप्पुझा जिल्ह्यात मावेलिक्कराजवळ भाताच्या शेतात एक अँबेसेडर जळालेली सापडली. आत मृतदेह होता. गाडी अबुधाबीत नोकरी करणाऱ्या सुकुमार कुरुप याची. मृतदेह त्याचाच आहे असं नातेवाइकांनी सांगितलं. परदेशातून सुट्टीवर आलेला माणूस जळून गेला, असंच सगळ्यांना वाटलं.

पण पोलिसांना काही गोष्टी खटकल्या. घरात माणूस गेल्यावर जसं दुःख दिसतं तसं तिथे दिसेना. कुरुपच्या मेहुण्याच्या अंगावर भाजल्याच्या खुणा होत्या. शवविच्छेदनात श्वासनलिकेत धुराची काजळी सापडली नाही. म्हणजे आग लागण्याआधीच माणूस मेलेला होता.

मृतदेह कुरुपचा नव्हताच. तो होता चाको. टॉकीजवर जाऊन तिकीटविक्रीवर लक्ष ठेवणारा वितरकाचा माणूस. रात्री घरी जायला रस्त्यावर गाडीची वाट बघत उभा होता. याच टोळीने त्याला लिफ्ट दिली, गुंगीचं पाजलं, गळा आवळून मारलं आणि मग गाडीसह पेटवलं. कुरुपला स्वतः मेल्याचं दाखवून परदेशातल्या विम्याची रक्कम मिळवायची होती. मेहुणा आणि ड्रायव्हर यांना जन्मठेप झाली, एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. कुरुप आजपर्यंत सापडलेला नाही. आज इथे दिसला, उद्या तिथे दिसला, अशा वावड्या मात्र चाळीस वर्षं उठत आहेत.

लोक कुरुपबद्दल हळहळत होते, तेव्हा चाकोची गरोदर बायको घरी नवऱ्याची वाट बघत होती. मृतदेहाला चुकीचं नाव लागलं की खरा मेलेला माणूस नुसता 'बेपत्ता' राहतो.

इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनजवळ नोव्हेंबर १९३० मध्ये असंच घडलं होतं. आल्फ्रेड राउस नावाच्या फिरत्या विक्रेत्याची गाडी जळाली आणि आत मृतदेह सापडला. राउस जिवंत निघाला. मार्च १९३१ मध्ये त्याला फाशी झाली. गाडीत मेलेला माणूस कोण होता, हे आजही कोणाला माहीत नाही.

उलटही घडतं

प्रत्येक जळालेल्या गाडीमागे खून असतोच असं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १८ जून २०१३ च्या पहाटे पत्रकार मायकेल हेस्टिंग्ज यांची गाडी भरधाव वेगात झाडावर आदळून पेटली. त्यांच्या लेखामुळे २०१० मध्ये एका अमेरिकी जनरलला पद सोडावं लागलं होतं. त्यामुळे 'गाडी हॅक केली', 'सरकारने मारलं' अशी चर्चा जगभर झाली. शवविच्छेदनात धडकेच्या जखमांनी मृत्यू झाल्याचं आढळलं आणि तो अपघातच ठरला. घातपाताचा पुरावा पोलिसांना मिळाला नाही.

फोटो बघून होणाऱ्या चुका

हात मुठी वळून वर आले, म्हणजे मरताना झटापट केली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे उष्णतेने स्नायू आखडतात आणि हातपाय आपोआप वाकतात. आधी मेलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच होतं.

डोक्याची कवटी फुटलेली दिसली, म्हणजे घाव घातला असंही बोललं जातं. प्रचंड उष्णतेनेही कवटीला तडे जातात. घाव कोणता आणि तडा कोणता, हे डॉक्टरच सांगू शकतात.

तपासात काय बघतात

पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा करतात. शवविच्छेदनात श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासतात. आगीत जिवंत असलेला माणूस धूर ओढतो, त्यामुळे या दोन्ही गोष्टी सापडण्याची शक्यता असते. पण भडका उडून क्षणात मृत्यू झाला तर त्या कमी असू शकतात, म्हणून एवढ्या एकाच गोष्टीवर निकाल ठरत नाही.

ओळख पटवायला दात, हाडं, जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा आणि डीएनए उपयोगी पडतात. डीएनए जुळवायला आईवडील किंवा मुलांचं रक्त घेतात. नंबर प्लेट जळाली तरी धातूवर ठोकलेला चेसिस नंबर बहुतेक वेळा वाचता येतो. पेट्रोल ओतलं होतं का, हे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नमुने तपासून ठरवतात. या सगळ्याला वेळ लागतो. अहवाल आला नाही याचा अर्थ प्रकरण दाबलं असाच होत नाही.

आपण काय करायचं

गाडी पेटलेली दिसली तर आधी ११२ ला फोन करावा. आत कोणी जिवंत असेल आणि जवळ जाणं शक्य असेल, तर त्याला बाहेर काढणं पहिलं. आग विझल्यावर मात्र जवळ गर्दी करू नये. कुरुप प्रकरणात जागेवर सापडलेला हातमोजा आणि पायाचे ठसे उपयोगी पडले. पन्नास माणसं फिरली असती तर ते राहिलेच नसते.

काही पाहिलं असेल, कोणाचा संशय येत असेल, तर ते पोलिसांना सांगावं. ग्रुपवर टाकू नये. मृतदेहाचा फोटो पुढे पाठवू नये. लोकांत भीती पसरवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि त्याच दिवसांत आसपासच्या गावातलं कोणी घरी आलेलं नसेल, तर त्याची बेपत्ता नोंद लगेच करावी. जळालेल्या गाडीचा मालक कोण हे सगळ्यांना माहीत असतं, वाट बघत बसलेलं घर कोणतं, हे या नोंदीवरूनच कळतं.