दुरुस्तीचा अधिकार आणि आपली लिपी

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २(ओ) मध्ये ‘साहित्यकृती’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात संगणकाच्या प्रोग्रामचाही समावेश केलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि प्रोग्राम ही एकाच कुळातली निर्मिती. दोहोंत एक फरक मात्र मोठा आहे. छापील पुस्तकातली चूक वाचकाला दिसते आणि तो ती समासात पेन्सिलीने दुरुस्त करू शकतो. प्रोग्राममधला दोष दिसला, तरी त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, निर्मात्याकडे कुलूपबंद असेल, तर वापरणाऱ्याला हात चोळत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप हा या कुलपाला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे. त्यात मराठीचेही एक प्रकरण आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाने ते वाचावे, कारण आपल्या लिपीच्या वाट्याला इथे जे आले, त्याचा पाया राज्याच्या सीमेवर घातलेला नाही. तो वापरणाऱ्याच्या हक्कावर घातलेला आहे.

अडकलेला कागद

या कथेचा आरंभ एका बिघाडात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून, कागद अडकताच संबंधितांना संगणकावर सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र प्रयोगशाळेला मिळालीच नव्हती. ती ज्याच्याकडे होती, त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती देण्यास नकार दिला.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. वापरण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारलेल्या प्रती वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये हा या विचाराचा गाभा. १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल हा परवाना आला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. वकिलाच्या नजरेने पाहता या परवान्याची रचना विलक्षण आहे. तो कॉपीराइट नाकारत नाही. कॉपीराइटच्याच बळावर अशी अट घालतो की, ज्याला हा प्रोग्राम मिळाला, त्याने तो पुढे देताना हीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही दिली पाहिजेत. जमिनीच्या व्यवहारात एखादा भार जसा खरेदीदारामागून खरेदीदाराकडे जातो, तसा इथे हक्क प्रतीबरोबर चालत जातो.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ पासून एमआयटीत घडत होती. १९९६ मध्ये माथियास एट्रिख यांनी केडीई या डेस्कटॉपचा आरंभ केला. ज्या ‘क्यूटी’ या साधनसंचावर केडीई उभा होता, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. या आक्षेपातून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. पुढे २००० मध्ये क्यूटीही जीपीएलखाली आले. आज वापरणाऱ्याला दोन प्रमुख डेस्कटॉपांतून निवड करता येते, तिच्या मुळाशी परवान्याच्या शब्दांवरचा हा वाद आहे.

खोट्या अक्षरांचा काळ

या घडामोडींच्या काळात संगणकावरील मराठीची स्थिती चमत्कारिक होती. १९९० च्या दशकातल्या बहुतेक फाँटांत देवनागरीच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. फक्त मुखवटा देवनागरीचा. फाँट बदलला की मुखवटा गळून पडे आणि खाली निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरे. इंदूरहून पाठवलेला लेख बेळगावात उघडायचा, तर दोन्हीकडे तोच फाँट असणे भाग होते.

या गोंधळावर भारतात प्रमाणीकरणाचा उपाय निघाला होता. आयएस १३१९४ या नावाने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्या १९८८ च्या रूपावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. तिथे देवनागरीला १२८ स्थानांचा एक विभाग मिळाला आणि त्यात मराठीला हवे असणारे ‘ळ’ आणि ‘ऱ’ स्वतंत्र स्थानांवर आले. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीमुळे हे संकेत युनिक्स कुळातल्या यंत्रणांत सहज सामावले.

तरीही संकेत मिळाला म्हणजे अक्षर उमटले असे होत नाही. ‘कि’ मध्ये ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते. ‘र्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हे नियम जाणून आकृत्या जुळवणारा घटक लागतो. जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २.० मध्ये हे काम ‘पँगो’ने हाती घेतले. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे हे नाव. पुढे ते काम बेहदाद इस्फहबूद यांच्या ‘हार्फबझ’कडे आले. आज लिबरऑफिस आणि फायरफॉक्सच नव्हे, तर अँड्रॉइड फोनही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात. ‘इंडलिनक्स’सारखे गट याच सुमारास भारतीय भाषांसाठी झटत होते. जीपीएलखाली गार्गी हा फाँट वाटला गेला, आणि २००४ पासून रेड हॅटने लोहित मालिकेतले भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याने खुले केले.

मालकीच्या प्रणालींनी देवनागरीची उपेक्षा केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. प्रश्न आहे तो दोष दिसल्यानंतर काय करता येते याचा.

‘ऱ्य’ची कसोटी

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. ‘आचार्यांना’ दक्षिणा देतात, ‘आचाऱ्यांना’ मजुरी. दस्तऐवजात असा एक फरक अर्थ उलटवू शकतो. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर या शब्दांत येणारा हा पापणीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. मराठी, कोकणी आणि नेपाळीला लागतो. केवळ हिंदीवर चाचणी घेणाऱ्याला तो तुटला आहे हे कळणारही नाही. संख्येने लहान असलेल्या भाषकसमूहाचे नुकसान बहुधा असेच होते: कोणी वैर धरत नाही, कोणी तपासत नाही, इतकेच.

शिवाय हे रूप युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येते. एक, ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा, युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राखणारा, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एखाद्या जुन्या धारिकेत ‘दऱ्या’ डोळ्यांना दिसत असूनही शोधून सापडत नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

लिनक्सवर अशा दोषाचा माग पायरीपायरीने काढता येतो. प्रथम मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे का, ते पाहावे. मग कळफलकाने कोणते संकेत पाठवले ते पाहावे. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबल्यावर ‘ऱ’ येतो; त्यानंतर ‘डी’च्या कळीवरचा हलन्त आणि मग ‘य’. तिसऱ्या पायरीवर फाँट. ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा मराठीसाठी प्रत्यक्षात कोणता फाँट निवडला जातो ते सांगते. दुसरा फाँट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवला तरी पुरतो. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. तोच मजकूर एका प्रोग्राममध्ये नीट आणि दुसऱ्यात तुटका दिसला, तर दोष त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या अक्षरजुळणीत आहे. चारही पायऱ्या उघड्या आहेत. दोष सापडला की तो लेखी नोंदवता येतो, आणि ज्याला जमते त्याला दुरुस्तही करता येतो.

अधिकारक्षेत्र आणि अक्षरे

६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे प्रमाण मानली. शासननिर्णयाची हुकमत राज्याच्या हद्दीपर्यंत चालते. बेळगाव, मडगाव, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथील मराठी शाळेला तो बांधील करू शकत नाही. परंतु फाँटमध्ये भाषेनुसार पर्यायी आकृती देण्याची सोय असते. ज्या फाँटांत ती भरलेली आहे, तिथे लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी असे नोंदवताच ‘ल’ आणि ‘श’ आपले वळण घेतात. ‘लोहित मराठी’ नावाचा स्वतंत्र फाँटही आहे. इथे अक्षराचे वळण भाषेवरून ठरते. गाव कोणत्या राज्यात आहे, हे कोणी विचारत नाही.

हेच तत्त्व ‘लोकेल’च्या व्यवस्थेत दिसते. तारीख, महिन्यांची नावे, आकड्यांचे गट यांचे नियम ज्यात असतात, त्या मराठी लोकेलच्या नावात दोनच गोष्टी आहेत: भाषा मराठी, देश भारत. राज्याचा रकाना नाही. लोकेल यंत्रावर एकदा तयार करून घेतला की पुढची निवड प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र. एकाच शाळेतल्या एकाच संगणकावर एका विद्यार्थ्याचे खाते कन्नडमध्ये आणि दुसऱ्याचे मराठीत उघडते, आणि एकामुळे दुसऱ्याचे काहीही उणे होत नाही.

कळफलकाची कथा तर सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. लिनक्सच्या कळफलक-याद्यांत मराठीसाठी ‘कगप’ नावाची एक ध्वन्यनुसारी मांडणी आहे. हे नाव ‘कन्नड गणक परिषद’ या संस्थेची आद्याक्षरे होत. कन्नडसाठी रुजलेली मांडणी त्याच नावाने मराठीच्या सेवेला आली आहे. ज्ञानाची देवघेव परवान्याने मोकळी केली की शेजारी भाषा एकमेकींचे ओझे कसे उचलतात, याचे हे बोलके उदाहरण.

ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोद्याच्या वाचकांना एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. त्या संस्थानांच्या जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, आणि ‘नोटो’ मालिकेत तिचा मुक्त फाँट उपलब्ध आहे. दप्तरातली मोडी आज मोडी म्हणूनच टंकित करता येते.

हक्क आणि वहिवाट

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लिनक्सचा साधा काळा कन्सोल ५१२ पेक्षा अधिक आकृत्या हाताळत नाही आणि जोडाक्षरे जुळवत नाही. देवनागरीला तिथे अद्याप थारा नाही. याहून गंभीर बाब अनुवादाची आहे. डेस्कटॉपवरील प्रत्येक सूचनेचा अनुवाद स्वतंत्र धारिकांत साठवलेला असतो. मूळ इंग्रजी वाक्य बदलले की अनुवाद शिळा ठरतो आणि त्या जागी पुन्हा इंग्रजी उगवते. नव्या आवृत्तीत मराठी मेनूंमध्ये इंग्रजी ओळी दिसू लागल्या, तर कोणी मराठी हटवली असे समजू नये. ती राखायला कोणी आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मल्याळम भाषकांनी २००२ पासून ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ या नावाने एकत्र येऊन आपले फाँट आणि अनुवाद सांभाळले. त्यांना मिळालेला परवाना आणि आपल्याला मिळालेला परवाना एकच आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २९ ने नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली वेगळी भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. ‘लिपी’ हा शब्द तिथे स्वतंत्रपणे आलेला आहे. न्यायालयात या हक्काचे रक्षण मागता येते. जतन मात्र न्यायालय करत नाही, ते रोजच्या वहिवाटीने होते. हक्क आहे पण वहिवाट नाही, अशा वाटेवर काय उगवते, ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यांनी तुटलेला ‘ऱ्य’ नोंदवावा. ज्यांचे मराठी आणि इंग्रजी चांगले आहे, त्यांनी दर आठवड्याला दहा ओळींचा अनुवाद करावा. त्यासाठी कोणत्याही राज्याची परवानगी घ्यावी लागत नाही. ती परवान्यातच लिहिलेली आहे.