राडारोड्याखालची मुंबई

खाडीकाठी रात्री डंपर रिकामे होतात, अशी बातमी अधूनमधून येते. आपण "काय बेशिस्त लोक आहेत" म्हणतो आणि पुढची बातमी वाचतो. पण मंडळी, मुंबईचा इतिहास चाळला तर ही या शहराची फार जुनी सवय निघते.

सात बेटांची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच घोकलीये. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून आत घुसणारा समुद्र बांध घालून अडवला. मागे राहिली सखल, दलदलीची जमीन. ती भरायची कशाने? माती-मुरूम होताच, शिवाय शहराचा केरकचरा! पुढे हा कचरा लांब न्यायचं ठरलं. कुर्ला-चेंबूर रेल्वे १९०६ साली टाकली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी; प्रवासी तिच्यात बसले १९२४ पासून. आज हार्बरने चेंबूरला जाताना हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मग १९२७ पासून ठाण्याच्या खाडीकाठी देवनारचं डंपिंग ग्राउंड सुरू झालं.

यातलं काहीच चोरून चाललं नव्हतं. दलदल म्हणजे रोगराई, आणि कचरा म्हणजे फुकटची भरणी, असा सरळ हिशोब होता.

हा हिशोब कागदावर बदलला १९ फेब्रुवारी १९९१ ला. त्या दिवशी निघालेल्या सीआरझेड अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर बंधनं घातली. त्यात एक कलम असं होतं, की शहरातला कचरा टाकून भराव घालायला बंदी, आणि जिथे हे आधीपासून चालू आहे तिथे जास्तीत जास्त ३ वर्षांत बंद करा. दीडदोनशे वर्षांची सवय, मुदत ३ वर्षं! आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. नवीन नियम लिहिला जातो, पण जुना प्रोग्रॅम मागे चालूच राहतो, कारण त्यावर कोणाचं तरी पोट असतं.

इथे कोणाचं? एक तर ज्याला राडारोडा लांब नेण्याचं डिझेल वाचवायचंय त्याचं. आणि दुसरं, ज्याला जमीन हवीये त्याचं. पद्धत साधी आहे. आधी भरतीचं पाणी आत येतं ती वाट बुजवायची. पाणी तुटलं की खारफुटी आपोआप वाळते. मग भरणी, मग पत्र्याचं कुंपण, मग गोडाऊन किंवा पार्किंग. चार-पाच वर्षांनी कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "इथे खारफुटी आहेच कुठे?" सगळ्यांच्या मालकीचा किनारा असा एकेक ट्रकने कोणाच्या तरी खिशात जातो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. पाणी जायच्या वाटा अरुंद करून ठेवल्याची किंमत तेव्हा कळली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने २००४ च्या एका याचिकेवर आदेश दिला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटीवर राडारोडा टाकायचा नाही, आणि तिच्या ५० मीटर परिसरात बांधकाम नाही. २०१८ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. नष्ट केलेली खारफुटी पुन्हा उभी करणं ही सरकारची जबाबदारी ठरली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. टाकलेली भरणी उचलून पाणी पुन्हा आत सोडलं, तरच या धंद्यातला फायदा संपेल. नुसता दंड लावला तर तो जमिनीच्या भावापुढे चिल्लर आहे.

आणि आपण आयटीवाले यातून सुटलो असंही नाही. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंग ग्राउंडवर चकाचक ऑफिसं उभी राहिली, तेव्हा खालून येणाऱ्या वायूंमुळे कॉम्प्युटरचे भाग गंजत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कचरा पुरला म्हणून गप्प बसत नाही, हेच खरं.

असो. पुढच्या वेळी घरातल्या टाइल्स बदलाल तेव्हा कंत्राटदाराला रंगाबरोबर एवढंही विचारा, की जुन्या टाइल्स नक्की कुठे टाकणार? आणि पोचपावती मागा.